कुतच्या वेढ्यातलं पीठ

१९१६ सालच्या सुरुवातीला तैग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या कुत-अल-अमारा या गावावर इंग्रजी विमानांनी जात्याचे दगड टाकले. युद्धात विमान वापरायला लागून जेमतेम पाच वर्षं झाली होती. त्यातून टेहळणी करायची, फार तर बाँब टाकायचा, एवढंच त्याचं काम लोकांना ठाऊक होतं. कुतमध्ये कोंडल्या गेलेल्या सैन्याला मात्र सगळ्यात जास्त निकड जात्याची होती. गावातल्या घरांतून जव हाती लागले होते, पण ते दळायला पुरेशी साधनं नव्हती.

हे सैन्य पुण्याचं. सहावी पूना डिव्हिजन असंच तिचं नाव. तीत डॉरसेट, नॉरफोक, ऑक्सफर्डशायर अशा गोऱ्या पलटणी होत्या, पंजाबी आणि राजपूत होते, आणि १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. १०३ म्हणजे जंगी पलटण, १७६८ साली मुंबईत उभी राहिलेली. या पलटणींतले मराठे आणि दख्खनी मुसलमान कोकणातून आणि देशावरून भरती होत, आणि देशावरच्या भरतीचं हक्काचं खोरं म्हणजे सातारा जिल्हा. तेव्हाचा सातारा आजच्यापेक्षा मोठा. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके त्यातच मोडत, तर सांगली, मिरज आणि जत ही संस्थानं होती. १९४९ मध्ये हा सगळा भाग एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. तेव्हा कुतच्या वेढ्यात ‘सातारचा’ म्हणून नोंदला गेलेला शिपाई आजच्या हिशेबाने सांगलीचाही असू शकतो. पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावलेलं साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं.

लढायांचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण मला सांगायची गोष्ट शिध्याची आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये ही डिव्हिजन इराणच्या आखातात फाओला उतरली. त्याच महिन्यात बसरा पडलं, पुढच्या वर्षी अमारा, नासिरिया आणि सप्टेंबरअखेर कुत. डिव्हिजनचा सेनापती जनरल चार्ल्स टाउनशेंड याला बगदाद दिसू लागलं. २२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफॉनच्या प्राचीन कमानीजवळ तुर्कांशी गाठ पडली आणि तिथे साडेचार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेलं सैन्य पायपीट करत ३ डिसेंबरला कुतला परतलं. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा आवळला. तो पुढे १४७ दिवस चालला.

वेढ्यात दोन पाकगृहं होती. एक गोऱ्या शिपायांचं आणि एक हिंदी शिपायांचं, आणि त्यांचे शिध्याचे तक्तेही वेगळे. गोऱ्या शिपायाला पाव, मांस, जॅम, चहा आणि साखर. हिंदी शिपायाला आटा, डाळ, तूप, गूळ, मीठ-मसाला आणि मिळालेच तर थोडे बटाटे. ही वाटणी सैन्यात फार जुनी होती आणि तिच्यामागे काटकसरही होती. हिंदी शिपायाचा शिधा स्वस्त पडे. त्याच्या वाट्याला येणारा आटा म्हणजे कोंड्यासकट दळलेलं जाडं पीठ. गोऱ्याच्या पावाला मात्र पांढराशुभ्र मैदा, गिरणीत कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला. असा मैदा लांबच्या प्रवासात टिकतो, त्याला लवकर खवट वास येत नाही, म्हणून रसद खात्याला तो सोयीचाही होता. शिवाय तो दिसायला देखणा. साहेबाचा पाव पांढरा आणि शिपायाची रोटी भुरकट, यात कुणाला काही वावगं वाटण्याचं कारणच नव्हतं.

वेढा पडून काही आठवडे झाले आणि गोऱ्यांच्या इस्पितळात एक विचित्र दुखणं दिसू लागलं. सुरुवात पायांपासून. पोटऱ्या जड वाटायच्या, चालताना पाय लटपटायचे, पावलांना मुंग्या यायच्या. मग घोट्यांवर सूज, बोटाने दाबली तर खळगा राहील अशी. ती हळूहळू वर चढायची. खंदकातून इस्पितळापर्यंत चालत आलेल्या धडधाकट माणसाला धाप लागायची, छातीत धडधडायचं, मानेच्या शिरा फुगून उडताना दिसायच्या. काही जण तर बरे दिसत असताना एकाएकी कोसळत. डॉक्टरांनी या दुखण्याचं नाव ओळखलं: बेरीबेरी. कुतमधले मुख्य वैद्यकीय अधिकारी होते पॅट्रिक हेहिर. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले, हिंदुस्थानात बरीच वर्षं काढलेले. बेरीबेरीचं नाव त्यांना नवीन नव्हतं. चकित करणारी गोष्ट होती ती रोगी कोण, ही. बेरीबेरी हा तांदूळ खाणाऱ्यांचा, आशियातल्या गरिबांचा रोग, अशी सर्वसाधारण समजूत. इथे मात्र तो पाव खाणाऱ्या इंग्रज शिपायांना धरत होता आणि त्यांच्या शेजारच्याच खंदकात बसलेल्या हिंदी शिपायांच्या वाटेला जवळजवळ जातच नव्हता.

या रोगाची खरी जागा हृदयात आणि नसांत. आपल्या शरीरात पीठ, तांदूळ, साखर यांच्यापासून ऊर्जा मोकळी होण्याच्या कामात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, अत्यावश्यक असतं. ते नसलं की हे काम मध्येच अडतं, पायरुव्हिक आणि लॅक्टिक आम्ल रक्तात साठतं आणि अंगभरच्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात. पाटाचे बांध ढासळून पाणी पसरू लागलं की मोटेच्या बैलांना जास्त फेरे मारावे लागतात, तसं मग हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं. आणि ज्या स्नायूंनी ते ढकलायचं त्यांनाच ऊर्जा अपुरी. हृदय मोठं होतं, विशेषतः उजवी बाजू ताणली जाते, मूत्रपिंडं पाणी आणि मीठ धरून ठेवतात, अंग सुजतं. इतर बऱ्याच हृदयविकारांत हृदय कमी रक्त फेकतं. इथे ते आधी गरजेपेक्षा जास्त फेकतं आणि थकून बंद पडतं. शरीरात थायमिनचा साठाही फार नसतो, तीसेक मिलिग्रॅम, दोन-तीन आठवड्यांत संपणारा. म्हणून तर वेढा पडल्यावर हा रोग इतक्या लवकर उभा राहिला. अंगमेहनत जास्त आणि खाणं मुख्यतः पिठाचं असेल तर थायमिन आणखी लवकर संपतं, आणि खंदकातला शिपाई म्हणजे नेमकी हीच स्थिती.

१९१६ मध्ये हे सगळं कुणालाच ठाऊक नव्हतं. थायमिन शुद्ध रूपात वेगळं काढलं ते १९२६ साली, यान्सेन आणि डोनाथ या डच शास्त्रज्ञांनी जावा बेटावर. त्याची रासायनिक रचना उलगडायला १९३६ उजाडलं. बेरीबेरीच्या हृदयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो कारेल वेन्केबाख या हृदयतज्ज्ञाने, १९३४ मध्ये. कुतच्या डॉक्टरांजवळ फक्त आधीच्या तीस-चाळीस वर्षांतल्या काही गोष्टी होत्या, आणि त्या गोष्टी अशा की त्यांतून धडा घ्यायला हवा होता.

पहिली गोष्ट जपानची. जपानी आरमारात बेरीबेरीने माणसं पटापट मरत. ताकाकी कानेहिरो या आरमारी डॉक्टराच्या लक्षात आलं की अधिकाऱ्यांना रोग क्वचित होतो, खलाशांना फार. १८८२-८३ मध्ये ‘र्‍यूजो’ जहाजावर लांबच्या सफरीत ३७६ पैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली आणि २५ मेले. १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ जहाज त्याच मार्गाने पाठवलं, मात्र शिध्यात मांस, दूध आणि पाव-जव घालून. एकही मेला नाही. आरमाराने शिधा बदलला. भूदलाने बदलला नाही. सैन्यात भरती झालं की रोज पांढरा भात मिळतो, हे खेड्यातल्या गरीब जपानी तरुणाला मोठं आमिष होतं आणि तो मान काढून घेणं वरिष्ठांना पटेना. १९०४-०५ च्या रशियाशी झालेल्या युद्धात जपानी भूदलाचे सुमारे २७,००० सैनिक बेरीबेरीने मेले. मानाच्या घासाने मेलेल्या या माणसांची संख्या मला कोणत्याही लढाईच्या आकड्यापेक्षा जास्त अस्वस्थ करते.

दुसरी गोष्ट बटाव्हियाची, म्हणजे आजच्या जकार्ताची. तिथल्या लष्करी इस्पितळात क्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर कोंबड्यांवर प्रयोग करत होते. कोंबड्या लुळ्या पडल्या, मग आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत कळलं की मध्यंतरी त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला सडीक भात घातला जात होता. नवा आचारी आला आणि लष्कराचा चांगला भात मुलकी कोंबड्यांना द्यायचा नाही म्हणून अडून बसला. कोंबड्यांना पुन्हा कोंड्यासकट तांदूळ मिळाला आणि त्या चालायला लागल्या. कारकुनी खाक्याने विज्ञानाची इतकी मोठी सेवा क्वचितच केली असेल. आइकमानना आधी वाटलं की पांढऱ्या भातात विष आहे आणि कोंडा त्यावरचा उतारा. त्यांच्या जागी आलेल्या ग्रिन्सनी १९०१ मध्ये उलटं म्हटलं: भातात विष नाही, काहीतरी कमी आहे. १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी त्या ‘काहीतरी’ला ‘व्हिटामिन’ हे नाव दिलं. त्याच वर्षी लॅब्रेडॉर-न्यूफाउंडलंडच्या गारठलेल्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या जॉन लिटल या डॉक्टरांनी छापून आणलं की पांढऱ्या मैद्यावर जगणाऱ्या कोळ्यांनाही बेरीबेरी होते, तांदळाचा काही संबंध नसतानाही.

म्हणजे कुतच्या चार वर्षं आधी मैद्याचा गुन्हा छापून आला होता. लष्कराच्या रसद खात्यापर्यंत तो पोचला नव्हता. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या आघाडीवरही गोऱ्या सैन्यात बेरीबेरी दिसली. तरी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मैद्याची पोती येतच राहिली.

कुतमध्ये हा प्रश्न डॉक्टरांनी सोडवला नाही, उपासमारीने सोडवला. टाउनशेंडने वेढ्याच्या आरंभी अन्नाचा नीट हिशेबच केला नव्हता. त्याच्या तारांनी घाबरून सुटकेसाठी निघालेलं सैन्य जानेवारी १९१६ मध्ये घाईघाईने शेख साद, वादी आणि हन्ना इथे तुर्की खंदकांवर धडकलं आणि हजारोंनी पडलं. त्यानंतर गावाची झडती घेतली तेव्हा दडवलेलं धान्य निघालं, आणि टाउनशेंडने कळवलं की जनावरं धरून ८४ दिवस पुरेल एवढं अन्न आहे. ही झडती पहिल्याच आठवड्यात झाली असती तर कदाचित हन्नाचं रक्त वाचलं असतं. ते असो. मैदा मात्र त्या हिशेबात फार नव्हता. फेब्रुवारीत तो संपला. साहेबाच्या पावालाही मग हिंदी शिपायाचाच आटा आणि जवाचं पीठ लागलं, त्या विमानातून पडलेल्या दगडांवर आणि गावातल्या जात्यांवर दळलेलं. पाव काळपट झाला, जड झाला, घशात अडकू लागला. आणि गोऱ्यांच्या इस्पितळात बेरीबेरीचे नवे रोगी येणं थांबलं.

पोट पूर्वीपेक्षा रिकामं, थंडी आणि पाऊस तसाच, तोफा तशाच, आणि तरी हृदयं सावरली. प्रयोगशाळेत कुणी मुद्दाम असा प्रयोग मांडला असता तर त्याला क्रूर म्हटलं गेलं असतं. वेढ्याने तो आपोआप मांडला होता. गव्हाच्या कोंड्यात आणि अंकुरात थायमिन असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅम आट्यात ०.४९ मिलिग्रॅम थायमिन दिलं आहे आणि मैद्यात ०.१२. चौपट फरक. हिंदी शिपायाला हे संरक्षण मिळालं ते त्याच्या आरोग्याची कुणाला काळजी होती म्हणून नव्हे. त्याचं पीठ स्वस्त होतं म्हणून.

आणि याच कारणाने तो दुसऱ्या बाजूने मारला गेला. हिंदी इस्पितळात भरती होत होते ते स्कर्व्हीचे रोगी. हिरड्या सुजून काळ्या-निळ्या पडलेल्या, दात हलत असलेले, मांड्या-पोटऱ्यांत रक्त साकळून लाकडासारख्या टणक झालेल्या. जुन्या जखमा पुन्हा उघडत. गोऱ्यांना स्कर्व्ही फारशी झाली नाही, कारण जानेवारीअखेर घोडे आणि खेचरं मारायला सुरुवात झाली आणि ते ताजं मांस गोऱ्यांनी खाल्लं. ताज्या मांसात थोडं का होईना, क जीवनसत्त्व असतं. हिंदी शिपायांच्या आट्यात आणि डाळीत ते अजिबात नसतं. एकाच वेढ्यात, एकाच चिखलात, शेजारीशेजारी दोन रोग, आणि दोन्हींचं कारण शिध्याचा तक्ता. जीवनसत्त्वांच्या इतिहासात याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

घोड्याचं मांस बहुसंख्य हिंदी शिपायांनी नाकारलं, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही. टाउनशेंडने बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली आणि ती आलीही. तरीही बरेच दिवस ताटं रिकामीच राहिली. इंग्रजी पुस्तकांत यावर ‘धार्मिक हट्ट’ असा शिक्का मारलेला सापडतो. मला तो अपुरा वाटतो. मागे घरी जायचं होतं. गावात पंगतीत बसायचं होतं. वेढ्यात काय खाल्लं हे पलटणीतल्या शेजारगावच्या माणसाला ठाऊक असणार आणि ते गावी पोचणार, ही भीती तारेने आलेल्या परवानगीने जात नाही. आणि सातारच्या शिपायाच्या देवघरात जेजुरीचा खंडोबा असायचा, घोड्यावर बसलेला. त्या घोड्याची पूजा करणाऱ्याला घोडं कापून खा म्हणणं सोपं नव्हतं. एप्रिल उजाडला, रोजचं पीठ काही औंसांवर आलं, तेव्हा हजारोंनी नाइलाजाने ते मांस खाल्लं. तोवर अनेकांना उशीर झाला होता.

मधल्या काळात शिपायांनी त्यांना जे येत होतं ते केलं. नदीकाठचं गवत आणि रानभाजी खुडून तिची भाजी केली. तोफांच्या टप्प्यात वाकून हिरवं पान शोधणारी ही माणसं काय शोधत होती याचं नाव तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, पण पावसाळ्यात बांधावरची चिघळ आणि तांदुळजा खुडून आणणाऱ्या घरातून ती आली होती. काही वेळा विषारी पाला पोटात गेला. भूक मारायला अफूच्या गोळ्या चालू होत्या. एप्रिलमध्ये विमानांनी अन्नाची पोती टाकायचा प्रयत्न केला. जगात विमानातून वेढलेल्या सैन्याला अन्न टाकण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न म्हणतात. पण तेवढ्याने इतक्या माणसांचं काय भागणार! २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ ही आगबोट रसद भरून निघाली, ती वाटेतच तुर्कांनी पकडली. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली. सोडवायला गेलेल्या सैन्याचे २३,००० मेले किंवा जखमी झाले ते वेगळेच.

टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला दिला. शिपायांना वाळवंटातून बगदाद, समारा, मोसूल असं चालवत नेलं आणि पुढे रास-अल-ऐनच्या रेल्वेमार्गावर कामाला लावलं. आधीच पोषण खचलेल्या शरीरांवर ही पायपीट पडली. गोऱ्या शिपायांपैकी सुमारे सत्तर टक्के परतले नाहीत. हिंदी शिपाईही हजारोंनी मेले. बंगालच्या शिशिर सर्वाधिकारी यांनी या सगळ्या फरफटीची आठवण ‘अभि ले बगदाद’ या पुस्तकात लिहून ठेवली. मराठा शिपायाची बाजू मात्र आपल्याला बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या आणि डॉक्टरांच्या कागदांतूनच वाचावी लागते.

त्या कागदांना लंडनमध्ये एक चांगली वाचक मिळाली. लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट ह्यूम यांनी १९१७ मध्ये बेरीबेरी आणि स्कर्व्ही टाळणारी द्रव्यं कोणत्या अन्नात किती असतात यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात कुतचा दाखला ठळकपणे होता. बहुतेक पुरुष संशोधक रणभूमीवर गेलेले, म्हणून प्रयोगशाळा बायकांनी चालवलेली. त्यांनी गिनीपिग आणि कबुतरं यांच्यावर एकेक पदार्थ तपासला आणि सैन्याला सांगितलं की गव्हाचा अंकुर आणि यीस्ट बेरीबेरीवर चालतात. मेसोपोटेमियात सल्लागार डॉक्टर असलेल्या विल्यम विलकॉक्स यांनी गोऱ्या सैन्यासाठी यीस्टपासून बनवलेल्या मार्माइटवर भर दिला. इंग्लंडात आज पावाला लावून खातात तोच काळा, खारट लगदा.

हिंदी शिपायांच्या स्कर्व्हीवर चिक यांनी सुचवलेला उपाय वाचताना मात्र मराठी वाचकाला थांबावंच लागेल. लिंबू आणि ताज्या भाज्या वाळवंटात पोचेनात, तेव्हा त्यांनी सांगितलं: कडधान्य भिजवा, ओल्या कापडात बांधून ठेवा, मोड येऊ द्या आणि फार न शिजवता खायला द्या. कोरड्या दाण्यात नसलेलं क जीवनसत्त्व मोड येताना तयार होतं. म्हणजे मटकीची उसळ! सातारा-सांगलीतल्या कोणत्याही घरात आठवड्यातून एकदा तरी होणारा पदार्थ. मग शिपायांनी तो स्वतःच का केला नाही? कारण सरकारी शिध्यात येत होती ती डाळ, फोडलेली, सालं काढलेली. फुटलेल्या दाण्याला मोड येत नाहीत. सैन्याने अख्खी मटकी किंवा मूग पाठवले असते, तर देशावरच्या शिपायाला कुणी काही शिकवायची गरज पडली नसती.

मेसोपोटेमियातल्या गोंधळाची चौकशी झाली. आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावं लागलं. पुढच्या काळात हिंदी शिपायाचा शिधा सुधारला, मांस, भाज्या आणि चिंच यांची तरतूद वाढली, नदीकाठी सैन्यासाठी भाजीचे मळे काढले गेले. पण तो सुधारण्यासाठी एक वेढा लागला.

शांततेच्या काळातही आपल्या भागाला बेरीबेरीने फारसं कधी गाठलं नाही, आणि त्याचं श्रेय पुन्हा शिध्याच्या गरिबीलाच. हिंदुस्थानात या रोगाचं घर होतं आंध्रचा किनारा, तिथे गिरणीत कोंडा काढलेला कच्चा पांढरा तांदूळ खात. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅक्करिसन आणि त्यांच्यानंतर वॉलेस ऐक्रॉइड यांनी याचा सखोल अभ्यास केला. कोकणातला माणूसही भातच खात होता, पण तो उकडा तांदूळ. उकडताना कोंड्यातलं थायमिन दाण्यात शिरतं, म्हणून कोंडा काढल्यावरही बरंच उरतं. कच्च्या सडीक तांदळात शंभर ग्रॅममागे ०.०६ मिलिग्रॅम, तर उकड्यात ०.२१. देशावर तर प्रश्नच नव्हता. कृष्णा-माणच्या काठची ज्वारी ०.३७, बाजरी ०.३३, आणि सांगलीकडचा शेंगदाणा तब्बल ०.९०. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे कष्टकऱ्याचं जेवण हृदयाच्या दृष्टीने कुतच्या साहेबांच्या मेजवानीपेक्षा भक्कम होतं.

हा इतिहास आज जुना झालेला नाही. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाचं हृदय थायमिनअभावी खचतं, हे बॉस्टनमध्ये सोमा वाइस आणि रॉबर्ट विल्किन्स यांनी १९३७ मध्येच दाखवलं. हृदय कमजोर असलेल्यांना दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांतूनही हे जीवनसत्त्व वाहून जातं. आणि गेल्या दशकात काश्मीरमधल्या आणि बंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेतल्या डॉक्टरांनी एक वेगळंच चित्र समोर आणलं. दोन-चार महिन्यांची, फक्त आईच्या दुधावरची तान्ही मुलं धापा टाकत येत, हृदयाच्या उजव्या बाजूवर प्रचंड ताण दिसे, आणि थायमिनचं इंजेक्शन दिलं की एक-दोन दिवसांत ती सावरत. त्यांच्या आया बाळंतपणानंतर मुख्यतः पांढऱ्या भातावर होत्या, इतर बरंच काही पथ्य म्हणून बंद केलेलं.

आपल्याकडेही भाकरीची जागा पांढऱ्या भाताने, मैद्याच्या पावाने आणि टोस्टने घेतली आहे, आणि बाळंतिणीला ‘पचायला हलकं’ म्हणून नुसता मऊ भात देणारी घरं वाढत आहेत. देशावरच्या जुन्या बाळंतिणीला बाजरीची भाकरी, मेथी आणि डाळी मिळत. ते चालू ठेवा. भाताचे तांदूळ तीन-चार पाण्यांत चोळून धुऊ नका आणि पेज ओतून देऊ नका, कारण थायमिन पाण्यात विरघळतं. आणि अंगावर पिणारं मूल एकाएकी धापा टाकू लागलं, दूध ओढेनासं झालं, रडताना त्याचा आवाज घोगरा येऊ लागला, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना बाळाच्या तक्रारीसोबत आई गेले काही आठवडे काय जेवते आहे तेही सांगा.